फिट्टंफाट

थोरल्या भावाच्या नावेची मोटार आजारी आहे हे मिस्त्रीला कुणी येऊन सांगायची गरज नव्हती. त्याचं वर्कशॉप धक्क्याच्या टोकाला होतं. पत्र्याची शेड, दार पाण्याच्या बाजूला. सकाळची पहिली फेरी घेऊन थोरला खाडीत शिरला की हातातलं काम तसंच ठेवून मिस्त्रीचे कान तिकडे वळायचे. मोटार सुरू व्हायची, हळू चालताना खोकायची आणि रेस दिली की कुणी गळा दाबल्यासारखी बसून जायची. मध्ये पलीकडच्या काठावरच्या गॅरेजवाल्याने तिला हात लावला, नवे प्लग घातले, कॉइल बदलली. थोडे दिवस बरी चालली, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मिस्त्री हे ऐकायचा आणि गप्प बसायचा. दोघा भावांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं, आणि का नव्हतं ते धक्क्यावरच्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

बाप गेल्यावर नाव थोरल्याकडे आली आणि हत्यारांची पेटी धाकट्याकडे. त्यावरून कधी तंटा झाला नाही. थोरल्याला पाणी आवडायचं, धाकट्याला लोखंड. फाटलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. हॉस्पिटल पलीकडच्या काठावर. रस्त्याने जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा, नावेने मात्र हाकेच्या अंतरावर. मिस्त्रीच्या बायकोचे दिवस भरत आले तेव्हा थोरला स्वतःहून म्हणाला होता, "काळजी करू नकोस. केव्हाही फोन कर, नाव तयार आहे." कळा सुरू झाल्या भर दुपारी. थोरला तेव्हा शहरातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन खाडीच्या तोंडाशी मासे पकडायला गेला होता. फोन वाजत राहिला. शेवटी मिस्त्रीने कुणाची तरी वल्ह्यांची होडी घेतली आणि उलट्या पाण्यात स्वतः वल्हवत बायकोला पलीकडे नेलं. मुलगी झाली. मेलेली.

थोरला संध्याकाळी हॉस्पिटलात आला. मोटारीच्या आवाजात फोन ऐकू आला नाही म्हणाला. पुढे त्या पाहुण्यांपैकीच एक जण धक्क्यावर सहज बोलून गेला, की गळाला मोठा मासा लागला होता, नेमका तेव्हाच नाववाल्याचा फोन वाजला, त्याने बघितला आणि परत खिशात टाकला.

बायको हॉस्पिटलातून माहेरी गेली. मिस्त्री आणायला गेला तेव्हा तिने दारातच विचारलं, "तुम्ही त्याला काय केलंत?"

"काय करणार? भाऊ आहे."

"मग भावाजवळच राहा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

भावाजवळ तो राहिला नाहीच. त्याच्या वाट्याला आई आली. थोरल्याच्या घरून उठून ती मिस्त्रीकडे राहायला आली आणि थोरल्याचं नाव तिने टाकलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला एकच मुलगा." सांगताना ओठ असे घट्ट मिटायची की पुढे विचारायची कुणाची छाती होत नसे.

अशात एक दिवस वहिनी वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली. मागे हातगाडी, तिच्यावर गोणपाटात गुंडाळलेली मोटार आणि घामाघूम झालेला हमाल.

"भावोजी, मी आलेय. ते यायचे नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

"त्याने पाठवलं?"

"नाही. पण मी नेतेय हे बघत होते. अडवलं नाही." वहिनीने दम घेतला. "काल मधोमध बंद पडली. नावेत माणसं होती, लहान पोरं होती. उद्या काही झालं तर?"

मिस्त्री हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. पुढे लोकांनी त्याला खोदून खोदून विचारलं, की तू ती मोटार घेतलीसच का. खरं उत्तर कुणाला पटण्यासारखं नव्हतं. भावाची त्याला दया आली नव्हती. वहिनीचीही फारशी नाही. पण रोज सकाळी ते खोकणं ऐकून त्याचं डोकं उठलं होतं. शेजारच्या घरात मूल रडत असावं आणि कुणी उचलू नये, तसं त्याला व्हायचं.

"ठेवा," तो म्हणाला.

मोटार स्टँडवर चढवून, खाली पाण्याचं पिंप लावून त्याने ती सुरू केली. दोन सिलिंडर, दोघांना दोन वेगळे कार्बोरेटर, एक वर, एक खाली. चालू मोटारीत त्याने वरच्या प्लगची टोपी उपटली. मोटार जागच्या जागी मेली. पुन्हा सुरू केली आणि खालची टोपी उपटली. आवाजात तिळाएवढाही फरक पडला नाही. म्हणजे खालचा सिलिंडर नुसता मांडी घालून बसला होता, सगळा संसार वरचा एकटा ओढत होता. ठिणगी तपासली, ती चांगली निळी होती. खालचा प्लग काढला, तो कोरडा ठणठणीत, हाडासारखा पांढरा. ठिणगी आहे आणि प्लग कोरडा, मग पेट्रोलच पोचत नाही. गॅरेजवाला पोट दुखणाऱ्याच्या दातांवर इलाज करत बसला होता.

खालचा कार्बोरेटर उघडल्याबरोबर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. वाटीच्या तळाशी हिरवट चिकट थर साचला होता. पेट्रोल किती घ्यायचं ते ठरवणारा तरंगता फ्लोट त्या चिकट्यात अडकून पडला होता. मिस्त्रीने जेट काढला, म्हणजे पितळेचा तो छोटा खिळा, ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल आत जातं, आणि उजेडासमोर धरला. भोक दिसेना. त्यात तार घालून साफ करणारे पुष्कळ असतात. तारेने भोक साफ होतं आणि मोठंही होतं, मग मोटार जन्मभर ढोसत बसते. त्याने जेट रसायनात भिजत ठेवला, मग हवेच्या दाबाने फुंकला, आणि उरलेलं ब्रशच्या एका केसाने काढलं. फ्लोट धुऊन सरळ केला, त्याची पातळी लावली. वरचा कार्बोरेटरही तसाच उघडून धुतला, त्याची फारशी तक्रार नसताना. शेवटी दोन्हींचे मिश्रणाचे स्क्रू अलगद टेकेपर्यंत कसले आणि दीड दीड फेरा सैल केले.

वहिनी मोटार बघायला पुन्हा आली तेव्हा त्याने नावेच्या टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून तिच्यासमोर धरलं. वर पिवळं पेट्रोल, खाली चहाच्या रंगाचं पाणी, आणि त्या पाण्यात गंजाची पूड.

"रोग इथे आहे. मी मोटार धुतली, पण ही टाकी लावली तर महिन्याच्या आत पुन्हा तेच. टाकी टाकून द्यायची. ही रबरी नळीसुद्धा, आतून सोलतेय. त्याला नीट सांगा."

"सांगते," वहिनी म्हणाली.

आईला त्या संध्याकाळी बातमी लागलेली होती. तिने ताट वाढलं ते आदळूनच.

"त्याची मोटार हातात घेतलीस."

"हो."

"बुडू द्यायची होती."

"नावेत दुसरी माणसंही असतात, आई."

"तुझ्या बायकोच्या वेळी होतं का कुणी?" आई म्हणाली. तो जेवला.

कार्बोरेटरचं खरं सेटिंग पिंपात होत नाही, पाण्यात करावं लागतं. नाव चालू हवी, मोटार गिअरमध्ये हवी, तिच्यावर भार हवा. म्हणजे एकाने मागे बसून स्क्रू फिरवायचा आणि दुसऱ्याने पुढे बसून नाव चालवायची. दुसरा कोण, ते उघड होतं. वहिनी दोघांच्या मध्ये फळीवर बसली. टाकी मिस्त्रीने स्वतःची आणली होती.

"सांगा त्याला, मोटार आधी तापू दे."

"अहो, तापू द्या म्हणतायत."

"सांग त्याला, मला कळतं."

"कळतं म्हणतायत."

"आता गिअरमध्ये टाकून हळू चालवायला सांगा."

"सांग त्याला, टाकलाय."

दोघांमध्ये चार हातांचं अंतर नव्हतं. शेजारून जाणाऱ्या होडीतला माणूस वल्हं थांबवून बघत राहिला. मिस्त्रीने वरचं झाकण काढून स्क्रू पाव पाव फेऱ्याने कसायला घेतला. मोटार शिंकली. तो सैल करत गेला, मोटार पोट भरल्यासारखी जडावली. या दोन्हींच्या मधे एक जागा असते, तिथे आवाज एकसारखा होतो. ती सापडली की केसभर सैल बाजूला सोडून द्यायची. उपाशी ठेवण्यापेक्षा दोन घास जास्त बरे.

"रेस द्यायला सांगा. एकदम."

थोरल्याने दिली. मोटार न अडखळता उठली, नावेचं तोंड वर आलं, मागे पाण्याचे दोन पांढरे पंख फुटले. आणि थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "लागली रे."

"थांब, अजून जरा," मिस्त्रीही बोलून गेला. "आता कमी कर. पुन्हा दे. हां, आता बघ."

"एकदम बाबांच्या वेळेसारखी."

"तेव्हा एकच कार्बोरेटर होता."

"हो, आणि तो पण गळका."

मग दोघांच्या लक्षात आलं. वहिनी पाण्याकडे बघत होती, श्वास रोखून, जणू तिने मान वळवली तर काहीतरी फुटेल. थोरल्याने घसा साफ केला. मिस्त्रीने खिशातून लाल रंगाची बाटली काढून स्क्रू जिथे होते तिथे एकेक ठिपका लावला, म्हणजे कुणी हलवले तर कळावं, आणि झाकण बसवलं. उतरताना तो वहिनीला मोठ्याने म्हणाला, थोरल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "टाकी आणि नळी बदलल्याशिवाय ही मोटार नावेला लावू नका."

"सांग त्याला," थोरला दोर बांधता बांधता म्हणाला, "मोटार झाली तेवढी पुरे. टाकी मला शिकवू नको म्हणावं."

पुढचे काही दिवस मोटार छान चालली. मिस्त्री सकाळी ऐकायचा आणि कामाला लागायचा. मग एका सकाळी त्याच्या हातातला पाना थांबला. मोटार गात होती. आवाज बारीक, धारदार, फारच गोड. नवख्याला वाटावं, वा, काय खुशीत चाललीय. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मोटार अशीच गाते. या मोटारींना वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल तुटलं की ऑइल तुटतं, पिस्टन कोरडा पडतो, तापतो, आणि भर वेगात सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो.

तो धावत धक्क्याच्या कडेला आला आणि दोन्ही हात डोक्यावर हलवू लागला. नाव रिकामी होती, थोरला पलीकडून माणसं आणायला एकटाच निघाला होता. "बंद कर," मिस्त्री ओरडला. "दादा, बंद कर." मोटारीच्या आवाजात ते कुठलं ऐकू जाणार. पण थोरल्याने त्याला पाहिलं. पाहून त्याने तोंड फिरवलं आणि आणखी रेस दिली.

पलीकडच्या वाटेत, खाडीच्या तोंडाजवळ लाटा फुटतात तिथे मोटार जाम झाली. गाणं एकदम तुटलं. नाव आडवी झाली, पुढच्या लाटेने तिला उचललं आणि बंधाऱ्याच्या दगडांवर नेऊन घातलं. थोरल्याने नाव वाचवायला पाय पुढे टाकला. नाव आणि दगड यांच्या मधे तो पाय सापडला. हॉस्पिटलात तो गुडघ्याखालून कापावा लागला.

धक्क्यावर दुपारपर्यंत गोष्ट तयार झाली होती. पलीकडच्या गॅरेजवाल्याने ती पुरी केली. "त्याला काय लागतं? स्क्रू एवढा कसायचा. आठवडाभर मोटार हवेवर चालते, मग खलास. हातोडा नको, पुरावा नको." सहा वर्षं दबा धरून बसला होता, लोक म्हणाले. मोटार घरी चालून आली, सोडतो का काय. आणि मिस्त्री कडेला उभा राहून हात हलवत होता, ते तर पंचवीस जणांनी बघितलं होतं. "भावाला निरोप देत होता," चहावाला म्हणाला, आणि ते वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत ते प्रत्येकाचं स्वतःचं झालं होतं.

मिस्त्रीला वाटलं होतं, आता कुणी आपल्याकडे मोटार आणणार नाही. झालं उलटंच. लोक आदराने बोलू लागले. एरवी "काय रे, झाली का?" म्हणून दारातून ओरडणारे आता आत येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "सवडीने बघा, मिस्त्री, घाई नाही." एकाने जाता जाता हसून विचारलं, "आपलं काही वैर नाही ना?" हसला खरा, पण उत्तराची वाट बघत थांबला.

"मी केलं नाही," मिस्त्री सांगायचा.

"नाहीच केलं," लोक म्हणायचे, आणि डोळ्यांत डोळे घालून मान हलवायचे.

आई हॉस्पिटलात जाऊन आली. सहा वर्षांनी तिने थोरल्या मुलाचं तोंड पाहिलं. त्याला हाताने भरवलं, त्याचे केस विंचरले, बाहेर येऊन रडली, असं वहिनीने सांगितलं. घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ती पाणी प्यायली, मिस्त्रीच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"बरं केलंस," ती म्हणाली.

"आई, मी काही केलेलं नाही."

"हो. सगळ्यांना असंच सांग."

"अगं, खरंच नाही केलं."

"मी कुठे विचारतेय?" आई म्हणाली. "माझ्या पोटचा आहे तो. त्याचा पाय गेला, माझ्या काळजाचं पाणी झालं. पण माझी नात गेली तेव्हा कुणाचं काही गेलं नव्हतं. आता गेलं." आणि ती उठून त्याच्यासाठी चहा करायला गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बंधाऱ्यावर गेला. फुटलेली नाव वर ओढून ठेवली होती, मोटार तशीच मागे लटकत होती. त्याने तिथेच बसून ती उघडली. दोन्ही स्क्रूंवरचे लाल ठिपके जागच्या जागी होते. खालचा पिस्टन वितळून भिंतीला चिकटला होता. खालच्या कार्बोरेटरच्या वाटीत तेच तपकिरी पाणी, तीच गंजाची पूड, आणि जेटचं भोक पुन्हा बुजलेलं. नावेत टाकी होती ती जुनीच. नळीही जुनीच. त्याने कार्बोरेटर रुमालात बांधला आणि पलीकडे हॉस्पिटलात गेला.

थोरला भिंतीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला मधेच सपाट झाली होती. वहिनी उठून बाहेर गेली. मिस्त्रीने रुमाल सोडून खाटेवर ठेवला.

"हे बघ."

"दिसतंय."

"टाकी तीच होती."

"तीच होती."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मी ऐकलंही होतं." थोरल्याचा आवाज शांत होता. "नवी टाकी आणूनही ठेवली होती. घरी पडलीय. तू सांगितलंस म्हणून लावली नाही. तुझं ऐकलं असं होऊ नये म्हणून."

मिस्त्रीच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "मग एवढंच सांग ना लोकांना."

"नाही सांगणार."

"का?"

"बस जरा."

मिस्त्री बसला नाही. थोरला त्या उघड्या कार्बोरेटरकडे बघत राहिला, मग म्हणाला, "त्या दिवशी फोन मी बघितला होता."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मिस्त्रीने खाटेची लोखंडी दांडी धरली.

"तुझं नाव दिसलं. म्हटलं, पहिलं बाळंतपण, वेळ लागतो, थोड्या वेळाने करू. मासा मोठा होता, पाहुणे ओरडत होते. खरं ते हे. तुझ्या वहिनीलाही कधी बोललो नाही. मग रोज वाट बघितली. वाटायचं, तू नाव जाळशील, मोटार फोडशील, निदान चारचौघांत तोंडात मारशील. तू काहीच केलं नाहीस. रोज समोरून जायचास, काहीच करायचा नाहीस. त्यापेक्षा मारलं असतंस तर बरं." त्याने सपाट चादरीवर हात ठेवला. "आता हे झालं. तू केलंस असं म्हटलं की आपलं फिट्टंफाट. टाकी बदलली नाही म्हणून गेला म्हटलं, तर पाय फुकट गेला. आणि तुझं देणं माझ्यावर तसंच राहिलं."

"म्हणजे तुझं फिटावं म्हणून मी तुझा पाय तोडला म्हणायचं?"

"पोलिसांत मी काही दिलेलं नाही. देणारही नाही. आणि लोक तुला वाईट कुठे म्हणतायत? वचकून आहेत. तसं बरं असतं."

"मी केलं नाही, दादा."

"मला माहीत आहे रे," थोरला म्हणाला. "पण ते कुणाला हवंय?"

बाहेर व्हरांड्यात वहिनी बाकावर बसली होती. तिने मान वर केली नाही. "टाकीचं तुम्ही माझ्यासमोर सांगितलंत, मला आठवतंय. पण मला त्याच घरात राहायचंय, भावोजी." तो पायऱ्या उतरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, तो एका मोटारीचा पंखा बसवत असताना फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज ओळखायला मात्र क्षणही लागला नाही.

"मी ऐकलं ते खरं का?" बायकोने विचारलं. आवाज मऊ होता. त्या दुपारनंतर इतका मऊ आवाज त्याने तिचा ऐकला नव्हता. "तुम्ही केलंत?"

मिस्त्रीने पंखा खाली ठेवला. फोनच्या पलीकडे कुठेतरी भांडी वाजत होती, मग तीही थांबली. तिला काय ऐकायचंय ते त्याला समजलं. एका शब्दाचं काम होतं. सगळं गाव तो शब्द आयता त्याच्या तोंडात घालत होतं, भाऊ हात जोडून घालत होता.

"नाही," तो म्हणाला. "टाकीत घाण होती. जेट बुजला."

पलीकडे भांडी पुन्हा वाजू लागली.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "तुमच्या हातून व्हायचं नाही." आणि फोन ठेवला.

थोरला कुबड्या घेऊन घरी आला. नाववाल्यांनी त्याला धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीत बसवलं. तिथे बसून तो पाहुण्यांना पाय दाखवायचा आणि सांगायचा, "सख्ख्या भावाने केलं. हात बघा कसा आहे त्याचा, आठवडा बरोबर चालली आणि बरोबर भर लाटेत जाम झाली." सांगताना त्याच्या बोलण्यात राग नसायचा, जवळपास अभिमान असायचा. मिस्त्री समोरून गेला तरी तो आवाज कमी करायचा नाही. उलट हाक मारायचा, "काय रे, जेवलास का?" सहा वर्षं जे बोलणं नव्हतं ते आता असं सुरू झालं. लोकांना बरं वाटायचं. शेवटी रक्ताचं नातं, म्हणायचे.

मग एका सकाळी आईने पिशव्या भरल्या.

"त्याला उठायला-बसायला माणूस लागतं," ती म्हणाली. "तिच्या एकटीच्याने होत नाही. आणि आता तुमचं काही राहिलं नाही ना. मी कशाला रुसून बसू?"

"त्याने फोन बघितला होता, आई. मला स्वतः सांगितलं."

"असेल," आई म्हणाली. "भोगलं ना त्याने." चादरींची घडी करून तिने पिशवीत कोंबली. "तू दर चार दिवसांनी जेवायला येत जा."

पिशव्या जड होत्या. मिस्त्रीने त्या उचलल्या आणि आईच्या मागोमाग थोरल्याच्या घरापर्यंत नेल्या. दारात नवी टाकी ठेवली होती, तिच्यावर वहिनीने वाळत घातलेली फडकी होती. आई आत गेली. तिचा आवाज आतून येऊ लागला, हे इथे कुणी ठेवलं, ते तिकडे करा, असा, पूर्वी त्या घरात असायचा तसा.

थोरला खुर्चीत बसला होता. "आत ये की," तो म्हणाला. "बाहेर काय उभा? आता काय राहिलंय आपल्यात?"

मिस्त्रीने पिशव्या उंबऱ्याच्या आत सरकवल्या.

"खरंच केलं असतं ना," तो म्हणाला, "तर आलो असतो."

आतून आईने विचारलं, कोण आहे रे, गेला का तो. वहिनी बाहेर आली, तिने एकेक पिशवी उचलून आत नेली, आणि शेवटची नेताना, त्याच्याकडे न बघता, दार अर्धवट ओढून घेतलं. मिस्त्री धक्क्याकडे निघाला. वाटेत भेटलेल्या दोघांनी त्याला अदबीने बाजूला होऊन रस्ता दिला.